चालती बालवाडी दुसरीच्या हाती देताना

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीतरी जणींनी आजकाल दुसऱ्या कुणाच्या नावाची पाटी लावून आपला व्यवसाय थाटला असेल. कुणाची बालवाडी, कुणाचं आइस्क्रीमचं दुकान, कुणाचं ब्यूटी पार्लर, तर कुणाची कुरिअरची खिडकी. यालाच फ्रँचायझी म्हणतात हे आता आमच्या सांगलीच्या भाजीवालीलाही ठाऊक आहे. सुरुवातीला किती पैसे घालावे लागतात, ते सांगायला शंभर माणसं भेटतात. कंपनीचा माणूस तर गुळगुळीत कागदाची पुस्तिका घेऊन घरी येऊन बसतो. पण उद्या काही कारणानं हा व्यवसाय दुसऱ्या कुणाला द्यायची वेळ आली तर किती पैसे जातात, हे कुणी सांगत नाही. त्या पुस्तिकेत त्याचं पानच नसतं.

माझी बालवाडी जून २०१५ मध्ये सुरू झाली. २०२४ च्या उन्हाळ्यात ह्यांची बदली नागपूरला झाली, आणि दिवाळीच्या सुटीनंतर ती दुसऱ्या बाईंच्या हाती द्यायचं ठरलं. बाई माझ्याकडच्याच एका मुलाची आई. हुशार, मुलांची आवड असलेली. सौदा ठरला ९,००,००० रुपयांना. घरी सगळ्यांना वाटलं, चला, नऊ लाख आले. सासूबाईंनी तर त्यातून वरची खोली बांधायचा बेतही मनातल्या मनात केला होता. मी मात्र करारनाम्याची प्रत काढून, हातात पेन्सिल घेऊन बसले. त्या पेन्सिलीनं जे जे दाखवलं, तेच आज तुम्हांला सांगायचं आहे.

पहिली गोष्ट ही, की आपण जे विकतो ते सगळं आपलं नसतं. नाव कंपनीचं, पाटीवरचं ते अस्वलाचं चित्र कंपनीचं, शिकवायची पुस्तकं कंपनीची, जागा मालकाची. आपलं काय? खुर्च्या-टेबलं, घसरगुंडी, झोके, आणि नऊ वर्षांत जमवलेला पालकांचा विश्वास. म्हणून कंपनीच्या लेखी परवानगीवाचून हस्तांतर होत नाही. बहुतेक करारांत आणखी एक कलम असतं: तुम्हांला जी किंमत येत असेल ती आधी कंपनीला कळवायची, त्या किमतीला घ्यायचा पहिला हक्क कंपनीचा. माझ्या करारात त्यासाठी तीस दिवसांची मुदत होती. ते तीस दिवस गिऱ्हाईक धरून ठेवायचं म्हणजे काय कसरत असते ती मलाच ठाऊक! म्हणून असा व्यवहार करायचा असेल तर महिना-दोन महिने हाताशी ठेवूनच हालचाल करावी. अगदी निघायच्या आठवड्यात नव्हे.

आता हस्तांतर शुल्क. माझ्या करारात लिहिलं होतं, ‘त्या वेळी प्रचलित असलेल्या फ्रँचायझी शुल्काच्या निम्मे’. या ‘त्या वेळी प्रचलित’ शब्दांकडे नीट बघा. मी २०१५ साली भरले होते दीड लाख. २०२४ साली कंपनीचं नवं शुल्क झालं होतं ४,००,०००. म्हणजे मी आत येताना जेवढे दिले त्याहून जास्त, २,००,०००, बाहेर पडताना द्यायचे. वर १८ टक्के जी.एस.टी. म्हणजे ३६,०००. झाले २,३६,०००. तुम्ही आज नवीन करार करत असाल तर हा आकडा रुपयांत लिहून मागा, किंवा निदान ‘मूळ भरलेल्या शुल्काच्या’ एवढे तरी शब्द घालून घ्या. सही होण्याआधी कंपनीचा माणूस फार गोड असतो. तेव्हाच मागायचं.

त्या जी.एस.टी.चं एक वेगळंच दुखणं आहे. बालवाडीच्या फीवर जी.एस.टी. नाही, पूर्वप्राथमिक शिक्षणाला माफी आहे. ऐकायला छान वाटतं. पण आपण पालकांकडून कर घेत नाही म्हणून कंपनीला रॉयल्टीवर आणि शुल्कावर जो कर भरतो, त्याची वजावटही आपल्याला मिळत नाही. तो सगळा आपल्या पदराला खार. ज्यांच्या दुकानात विक्रीवर जी.एस.टी. लागतो आणि वजावट घेता येते, त्यांचं तसं नाही. त्यामुळे शेजारणीच्या दुकानाचा हिशेब आपल्याला लावू नये. उलट दुकानवालीनं ध्यानात ठेवायची गोष्ट म्हणजे, चालता धंदा अख्खाच्या अख्खा दिला तर त्या हस्तांतरावर जी.एस.टी. लागत नाही, पण फ्रिज वेगळा, कपाट वेगळं, माल वेगळा असा सुटा विकला तर लागतो. तेव्हा कागदावर ‘चालता व्यवसाय’ असंच लिहिलेलं असावं, आणि ते खरंही असावं.

मग आलं रंगकाम. कंपनीनं २०२२ मध्ये पाटीचा रंग बदलला होता. जुन्यांना सवलत होती, जुनी पाटी चालत होती. पण हस्तांतर म्हणजे नव्या बाईंशी नवा करार, आणि नव्या कराराला नवं रूप हवंच! भिंतींचा रंग, नवी पाटी, दारापाशी रबरी फरशी असं सगळं मिळून १,४०,००० चं अंदाजपत्रक आलं. ‘हे कोण करणार?’ यावर करारात एक अक्षर नव्हतं. कंपनी म्हणाली, तुमचं तुम्ही ठरवा. नव्या बाईंचे यजमान म्हणाले, घर विकताना विकणारा रंग काढून देतो. मी म्हटलं, जुना रंग फिका झाला असता तर दिला असता, पण भिंती स्वच्छ असताना तुमच्या करारासाठी नवा रंग लागतो आहे. शेवटी निम्मे-निम्मे. माझे ७०,००० गेले. खरं सांगायचं तर बोलणी आम्ही दोघी बायकाच करत होतो तोवर बरं चाललं होतं. दोघींचे यजमान शेजारी येऊन बसले आणि रबरी फरशीवरून दीड तास गेला.

आता ज्या भागाकडे फार लोकांचं लक्षच जात नाही तो सांगते. बालवाडीत फी दोन हप्त्यांत. जूनचा हप्ता ऑक्टोबरपर्यंतचा, नोव्हेंबरचा पुढचा. माझ्याकडे ५८ मुलं होती, त्यांतल्या १७ मुलांच्या पालकांनी जूनमध्येच वर्षाची फी भरून टाकली होती. दुसऱ्या हप्त्याचे प्रत्येकी १०,००० धरले तर १,७०,००० माझ्या खात्यात पडून होते, आणि ती मुलं पुढचे पाच महिने शिकणार होती नव्या बाईंकडे. ते पैसे माझे कसे? त्यांना शिकवायचं त्यांनी, शिक्षिकांचा पगार द्यायचा त्यांनी. मी ते किमतीतून वजा करायला सांगितले. बाई क्षणभर बघतच राहिल्या, कारण त्यांनी ते विचारलंच नव्हतं. पण पालक उद्या त्यांच्या दारात उभे राहिले असते, आणि नाव माझंही निघालं असतं.

एक बारकावा मात्र सोडला नाही. त्या आगाऊ फीवरची १५ टक्के रॉयल्टी मी कंपनीला जूनमध्येच भरली होती. २५,५०० आणि वर कर ४,५९०, म्हणजे ३०,०९०. तेवढे मी कापून घेतले आणि १,३९,९१० वळते केले. न्याय दोन्ही बाजूंनी असावा, नाही का? क्लास, जिम, पार्लरची वार्षिक सभासद वर्गणी, आगाऊ कूपनं, असं काहीही तुमच्याकडे असेल तर हाच हिशेब लागू होतो. शिल्लक राहिलेले गणवेश आणि पुस्तकांचे संच बाईंनी खरेदीच्या भावानं घेतले. ते बाहेर विकायला करारात मनाई होती, त्यामुळे त्यांनी नकार दिला असता तर रद्दीच.

रॉयल्टीवरून आठवलं. परवानगीचं पत्र देण्याआधी कंपनी सगळी जुनी वही तपासते. भावंडं असली तर मी दुसऱ्या मुलाला ४,००० ची सूट द्यायची. दोन वर्षांत अशी बारा मुलं निघाली. कंपनीचं म्हणणं, सूट तुम्ही दिलीत, आमची रॉयल्टी पूर्ण फीवर. त्याचे करासकट ८,४९६ भरावे लागले. आठ हजारांसाठी नऊ लाख अडकवून ठेवता येत नाहीत, हे त्या साहेबांनाही पक्कं माहीत असतं. म्हणून दर वर्षाच्या अखेरीस ‘आमचे काही येणे नाही’ असं पत्र कंपनीकडून मागून घेत जावं.

आता माणसांचं. माझ्याकडे चार शिक्षिका आणि दोन मावशी. एक मावशी पहिल्या दिवसापासूनच्या, एक शिक्षिका सात वर्षांची. बाकीच्या अलीकडच्या. ग्रॅच्युइटीचा कायदा दहा किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना. शिक्षिकाही त्यात येतात, २००९ साली तशी दुरुस्ती झाली. आम्ही सहाच, म्हणजे मला कायदा लागू नव्हता. हे म्हणाले, ‘लागू नाही तर कशाला? नव्या बाई त्यांना कामावर ठेवणारच आहेत.’ ठेवणार होत्या, हे खरं. पण नव्या बाईंच्या वहीत मावशींची पहिली तारीख नोव्हेंबर २०२४ पडणार. मागची नऊ वर्षं कुठे जातात? शेंबूड पुसण्यात, रडणारी पोरं कडेवर घेऊन फाटकापाशी उभं राहण्यात गेलेली नऊ वर्षं!

मी कायद्याचंच सूत्र घेतलं. महिन्याचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले पूर्ण झालेली वर्षं. मावशींचा पगार ८,०००, वर्षं नऊ, आले ४१,५३८. शिक्षिकेचा ११,०००, वर्षं सात, आले ४४,४२३. दोघींचे मिळून ८५,९६१. घरात दोन दिवस अबोला होता. मी त्या पैशाबाबत हटले नाही, आणि आज विचाराल तरी हटणार नाही. ज्यांच्याकडे दहा माणसं असतील त्यांना तर हा प्रश्न मर्जीचा नाहीच. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, त्यात ठरावीक मुदतीच्या करारावर ठेवलेल्या माणसांना एका वर्षाच्या नोकरीवरही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. तेव्हा ‘पाच वर्षं झालीत कुठं’ म्हणून मोकळं होऊ नका. आणि मागच्या नोकरीची जबाबदारी कोणाकडे, जुन्या मालकिणीकडे की नव्या, हे कागदावर लिहून घ्या.

जागेचं म्हणाल तर सरकारी खर्च अगदी किरकोळ. भाडं महिना २२,०००, साठ महिन्यांचे १३,२०,०००. अनामत एक लाख, तिच्यावर दरसाल दहा टक्के धरून पाच वर्षांचे ५०,०००. एकूण १३,७०,००० वर महाराष्ट्रात पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे ३,४२५, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. लिव्ह अँड लायसन्स आहे तिथे जुना करार नव्या माणसाच्या नावानं फिरत नाही, नवाच करायचा. पण खरा खर्च शुल्कात नाहीच, मालकाच्या तोंडात आहे! माणूस बदलतोय म्हटल्याबरोबर आमचे मालक म्हणाले, ‘वहिनी, तुमची गोष्ट वेगळी होती. नव्यांना तीस हजार.’ महिन्याला आठ हजार वाढले म्हणजे वर्षाला ९६,००० झाले. तेवढं नव्या बाईंचं कंबरडं मोडतं, आणि त्या किंमत खाली मागतात. भाडं त्यांचं, पण चिमटा आपल्याला. शेवटी मी स्वतः जाऊन, बसून, चहा पिऊन, पंचवीसवर आणलं. किमतीचा आकडा बोलायच्या आधी मालकाशी बोलून ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्या अनामतीतून खिळ्यांच्या भोकांपोटी १२,००० कापले, ते वेगळेच.

खाण्यापिण्याचं दुकान असेल तर अन्नसुरक्षेचा परवाना असा उचलून दुसऱ्याला देता येत नाही. मालक वारला तरच वारसासाठी सोय आहे. विकत घेणाऱ्यानं स्वतःचा काढायचा, आणि तो हाती येईपर्यंत दुकानाची तारीख ठरवायची नाही.

वकीलबाई आणि सी.ए. मिळून २५,००० झाले. ह्यांना तो खर्च फार वाटला. मला तो सगळ्यांत कमी वाटला, आणि का ते ऐका. कंपनीच्या कागदात एक ओळ होती, की बाहेर पडल्यावर दोन वर्षं मी महाराष्ट्रात कुठेही बालवाडी काढू किंवा चालवू शकणार नाही. कुठेही! म्हणजे नागपूरलाही नाही. नऊ वर्षं मला जे एक काम येत होतं, तेच करायची बंदी, आणि तीही माझ्याच सहीनं. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही, सगळं १८७२ च्या करार कायद्यावर चालतं. वकीलबाईंनी समजावलं, की त्या कायद्याच्या २७ व्या कलमाप्रमाणे कुणाला धंदा करण्यापासून अडवणारा करार मुळात टिकत नाही. अपवाद एवढाच, की जो आपला नावलौकिक विकतो त्याच्यावर ठरावीक हद्दीपुरतं, वाजवी बंधन घालता येतं. तेव्हा नव्या बाईंनी मागितलेलं ‘सांगली-मिरज-कुपवाड महापालिका हद्दीत तीन वर्षं नाही’ हे मी आनंदानं लिहून दिलं, ते रास्तच होतं. पण कंपनीची महाराष्ट्रभरची ओळ त्यांनी पत्रव्यवहार करून काढून टाकायला लावली. कोर्टात ती टिकली नसती, हे मान्य. पण कोर्टात जायला नागपूरहून सांगलीला हेलपाटे कुणी घालायचे?

दुसरं त्यांनी केलं ते ह्यांच्या हमीचं. २०१५ साली माझ्या करारावर जामीन म्हणून ह्यांची सही घेतली होती. व्यवसाय दुसऱ्याचा झाला तरी ती सही आपोआप पुसली जात नाही. उद्या नव्या बाईंनी रॉयल्टी थकवली आणि कंपनी ह्यांच्या मागे लागली तर? म्हणून ‘हमीतून मुक्त केले’ असं वेगळं पत्र मागितलं. बँकेचं कर्ज असेल तर तिथूनही येणे-बाकी नसल्याचा दाखला आणि तारण सोडल्याचं पत्र लागतं. कंपनीला द्यायच्या प्रतिज्ञापत्रांसाठी मुद्रांक आणायला गेले तर शंभराचा कागद नेमका त्याच ऑक्टोबरात बंद होऊन पाचशेचा झालेला! तीन कागद, पंधराशे रुपये.

माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते. तिनं फोनवर सांगितलं, की अमेरिकेत सही करायच्या किंवा पैसे भरायच्या निदान चौदा दिवस आधी कंपनीला सगळी माहिती पुस्तकरूपानं द्यावीच लागते, १९७९ पासून तसा नियम आहे, आणि हस्तांतराचं शुल्क त्यात फीच्या तक्त्यात मांडलेलं असतं. हेवा वाटला. आपल्याकडे ते पुस्तक आपणच विचारून विचारून तयार करायचं.

आता बेरीज-वजाबाकी तुम्हीच बघा. नऊ लाखांतून हस्तांतर शुल्क, रंगकाम, आगाऊ फी, रॉयल्टीचा फरक, दोघींचे पैसे आणि वकील-सी.ए. वजा जाता राहिले ३,३४,६३३. त्यातली आगाऊ फी हा खर्च नव्हे, पालकांचीच रक्कम होती, पण ती गृहीत धरून सासूबाईंची खोली उभी राहिली होती ना! आणि अजून प्राप्तिकर राहिलाच. सी.ए. म्हणाले, सामानाची किंमत वेगळी आणि नावलौकिकाची वेगळी दाखवायची की एकरकमी, त्यावर कर बदलतो, म्हणून करारावर सही करायच्या आधी मला दाखवा, नंतर नको. आणि स्वतः उभा केलेला नावलौकिक कायद्याच्या नजरेत शून्य रुपयांत आलेला असतो. म्हणजे त्यापोटी मिळालेला पैसा जवळजवळ सगळाच नफा. रात्र रात्र जागून कातरलेले पतंग आणि कागदी फुलं, शून्य रुपये!

मी बालवाडी काढली ती माझ्या चार तोळ्यांच्या पाटल्या मोडून. तेव्हा सोनं दहा ग्रॅमला सत्तावीस हजारांच्या आतबाहेर होतं, साधारण एक लाख आले होते. व्यवहार झाला त्या नोव्हेंबरात तोच भाव सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर हजार. म्हणजे पुन्हा तशा पाटल्या करायच्या तर तीन लाखांच्या वर, मजुरी सोडून. नऊ वर्षं घरात महिन्याला पैसा आला, मुलीची इंजिनिअरिंगची फी त्यातून गेली, ते तर आहेच. तरी राहिलेली रक्कम मी ह्यांच्या खात्यात टाकली नाही. माझ्या एकटीच्या नावानं बँकेत ठेवली, आणि सासूबाईंना तसं स्पष्ट सांगितलं. नागपूरला गेल्यावर कर भरून उरलेल्यातून एक लहानशी जागा बघायची आहे. या वेळी पाटीवर कुणाचं अस्वल नको.

कंपनीकडची अनामत ५०,००० बिनव्याजी होती, करारात ‘नव्वद दिवसांत परत’ असं लिहिलेलं. नव्वद दिवस फेब्रुवारीत भरले. एक फोन, दोन ईमेल आणि वकीलबाईंचं एक पत्र झालं, तेव्हा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पैसे खात्यात पडले. ह्यांच्या हमीतून मुक्ततेचं पत्र मात्र मी हस्तांतराच्या दिवशीच, किल्ल्या देण्याआधी, हातात घेतलं होतं.